आंतरजालावरील शोध आणि घरातील पहिला वाचक



बीड जिल्ह्यातील धारूर हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले आहे. तेथील किल्ल्यामुळे त्याला ‘किल्ले धारूर’ असेही म्हणतात. ‘आपल्या गावचा किल्ला कोणी बांधला?’ असा प्रश्न शाळेत विचारला गेला, की पूर्वीचे मूल आजोबांकडे किंवा गुरुजींकडे जात असे. आजचे मूल घरातील मोबाईल हाती घेते आणि दोन शब्द टाइप करते. क्षणार्धात त्याच्यासमोर अनेक उत्तरे येतात. एका ठिकाणी लिहिलेले असते, की येथे राष्ट्रकूटांच्या काळात महादुर्ग नावाचा किल्ला होता. दुसऱ्या ठिकाणी सांगितलेले असते, की विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार किश्वरखान याने इ. स. १५६७ मध्ये हा किल्ला बांधला. धारूरला फतेहाबाद हे नाव कोणी दिले, याविषयी तर परस्परांशी न जुळणारी विधाने वाचावयास मिळतात. मूल यांपैकी पहिले उत्तर वहीत उतरवून घेते आणि वही मिटते. उत्तर मिळालेले असते. शोध मात्र सुरूच झालेला नसतो.

माहिती मिळणे आणि शोध घेणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे, ते मुलांना कसे पार करावयास शिकवावे, हा आजच्या शाळेपुढील महत्त्वाचा प्रश्न आहे. धारूरसारख्या तालुक्यात तर तो केवळ अभ्यासक्रमाचा प्रश्न राहत नाही.

घरातील पहिला वाचक

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोयता, बिऱ्हाड आणि लहान मुले गाडीत बसतात. हंगाम संपेपर्यंत मुलाची शाळा तुटते. ती तुटू नये म्हणून हंगामी वसतिगृहे चालविली जातात. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही मंजूर केली.

अशा अनेक घरांत सातवी-आठवीत शिकणारा मुलगा किंवा मुलगी हीच घरातील पहिली वाचक असते. बँकेचा निरोप, पीकविम्याची सूचना, शिधापत्रिकेसंबंधीचा संदेश, एखाद्या योजनेची जाहिरात आई-वडिलांना वाचून दाखविण्याचे काम तिच्याकडे येते. शहरातील सुशिक्षित घरात मुलाने चुकीची माहिती आणली, तर ती दुरुस्त करणारे मोठे माणूस शेजारी असते. येथे मुलाचा निर्णय हाच घराचा निर्णय ठरतो. ‘या दुव्यावर बोट ठेवा, अनुदान मिळेल’ असा खोटा संदेश आला, तर त्यावर विश्वास ठेवावयाचा की नाही हे बारा वर्षांची मुलगी ठरविते. आणि तिने चूक केली, तर हंगामभर घाम गाळून मिळविलेली रक्कम खात्यातून नाहीशी होऊ शकते. म्हणूनच आंतरजालावर शोध कसा घ्यावा हे शिकविणे ही हुशार मुलांसाठीची जादा तासिका नव्हे. ज्या घरात दुसरा वाचक नाही, त्या घराला त्याची सर्वांत अधिक गरज आहे.

न तपासलेल्या माहितीची किंमत

न तपासलेल्या माहितीची किंमत महाराष्ट्राने फार मोठी मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून आधीच पसरलेली होती. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारहाण करण्यात आली, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. त्या जमावात आणि आसपास मोबाईल वापरता येणारे अनेक जण असतील. ‘हे कोणी लिहिले? कोठे घडले? कधी घडले?’ हे तीन प्रश्न विचारण्याची सवय मात्र त्या दिवशी कोणाच्या कामी आली नाही.

त्याच वर्षी केरळमधील कण्णूर जिल्ह्यात तेथील जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने ‘सत्यमेव जयते’ या नावाचा उपक्रम सुमारे दीडशे शासकीय शाळांत राबविण्यात आला. खोटी बातमी कशी ओळखावी आणि मिळालेला मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी काय पाहावे, हे मुलांना वर्गात शिकविले गेले. जिल्हा प्रशासनाने मनावर घेतल्यास हे काम सामान्य शासकीय शाळांतूनही होऊ शकते, हे त्यावरून दिसून येते.

मुलांना काय येते, काय येत नाही

मुलांना यंत्राची भीती वाटत नाही. १९९९ मध्ये दिल्लीतील कालकाजी येथे शिक्षणतज्ज्ञ सुगत मित्र यांनी वस्तीलगतच्या भिंतीत एक संगणक बसविला. वस्तीतील मुलांनी कोणीही न शिकविता तो चालविण्यास सुरुवात केली. हा प्रयोग पुढे जगभर गाजला. त्यातून एक गोष्ट निश्चित झाली : यंत्र हाताळणे मुले एकमेकांकडून सहज शिकतात. त्यासाठी शिक्षकाने फार वेळ खर्च करण्याचे कारण नाही.

परंतु यंत्रावर दिसणाऱ्या मजकुराची पारख मुले अशी आपोआप शिकत नाहीत. १९९८ मध्ये अमेरिकेत एकाने गंमत म्हणून झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचे संकेतस्थळ तयार केले. असा प्राणी अस्तित्वात नाही. पण संकेतस्थळावर त्याची छायाचित्रे, त्याचे वसतिस्थान, तो नष्ट होत असल्याची काळजी असे सर्व काही होते. पुढे कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी सातवीतील पंचवीस मुलांना हे संकेतस्थळ दाखविले. ही मुले वाचनात चांगली होती, तरीही जवळजवळ सर्वांनी ते विश्वासार्ह मानले. प्रगत देशातील, संगणकासोबत वाढलेल्या मुलांची ही स्थिती असेल, तर धारूरच्या मुलाला दोष देता येणार नाही. पारख ही शिकविण्याचीच गोष्ट आहे आणि ती शिकविणे शिक्षकाचे काम आहे.

पहिला धडा : शब्द शोधावयास शिकणे

शोधाची सुरुवात शब्दापासून होते. धारूरविषयी शोधू पाहणाऱ्या मुलाने केवळ ‘धारूर’ हा शब्द दिला, तर त्याला थोडेच मिळेल. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इंग्रजी कागदपत्रांत जिल्ह्याचे नाव ‘भीर’ असे लिहिले जाई. राज्य शासनाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेले जिल्हा गॅझेटिअरही ‘भीर’ याच नावाचे आहे. शेजारच्या अंबाजोगाईला निजामाच्या राजवटीत मोमिनाबाद म्हणत. धारूर मोगल काळात फतेहाबाद या नावाने ओळखले जाई आणि औरंगजेबाच्या काळातील काही नाण्यांवर ‘फतहाबाद धारूर’ अशी टांकसाळीची नोंद आढळते.

म्हणजे एकाच गावाचा शोध घेण्यासाठी मुलाजवळ चार-पाच शब्द हवेत. हे शब्द शोधयंत्र त्याला आपण होऊन देणार नाही. ते घरातील वृद्धांकडून, शिक्षकांकडून, जुन्या कागदांतून आणि ग्रंथालयातून मिळतात. येथेच मुलाच्या लक्षात येते, की आंतरजालावरील शोधाचा पहिला टप्पा आंतरजालाबाहेर आहे. वर्गात फळ्यावर एक विषय लिहावा आणि त्याला मराठीत, इंग्रजीत, जुन्या काळात व बोलीत काय काय म्हणतात याची यादी मुलांकडून करून घ्यावी. या एका तासिकेने शोधाची अर्धी वाट सरते.

दुसरा धडा : सांगणारा कोण आहे

बाजारात बैल घेताना शेतकरी विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. तो दात पाहतो, बैल चालवून पाहतो आणि विकणाऱ्याच्या गावचा माणूस गाठून चौकशी करतो. संकेतस्थळाच्या बाबतीत हीच रीत उपयोगी पडते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांना संकेतस्थळांची विश्वासार्हता पारखावयास सांगण्यात आले होते. विद्वान इतिहासकारही अनेकदा समोरच्या पानाच्या सुबक मांडणीला फसले. तथ्यतपासनीस मात्र त्या पानावर फार वेळ थांबलेच नाहीत. ते बाहेर पडले आणि ‘हे संकेतस्थळ चालविणारे कोण आहेत, त्यांच्याविषयी इतर काय म्हणतात’ हे त्यांनी आधी पाहिले. बैलबाजारातील शेतकऱ्याची चौकशी आणि त्यांची पद्धत यांत फरक नाही.

मराठी मुलांना विश्वासाने पाठविता येईल अशी ठिकाणे आज पुष्कळ आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सुरू झालेला मराठी विश्वकोश आता विनामूल्य वाचता येतो. त्यातील नोंदी त्या त्या विषयाच्या जाणकारांनी लिहिलेल्या आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि राज्याची जिल्हा गॅझेटिअरे संगणकावर उपलब्ध आहेत. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा सर्वांनी मिळून लिहावयाचा ज्ञानकोश आहे. त्यातील लेखाच्या तळाशी दिलेले संदर्भ पाहावयास मुलांना शिकविले, तर तो उत्तम वाटाड्या ठरतो. शासकीय योजनेची माहिती असेल, तर संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘जी-ओ-व्ही डॉट इन’ ही अक्षरे आहेत का, हे पाहण्याची सवय प्रत्येक मुलाला लागली पाहिजे. आर्थिक फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तात्काळ तक्रार करता येते, हेही वर्गाच्या भिंतीवर लिहिलेले असावे.

आकड्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. प्रत्येक आकड्याला वर्ष असते. गावाची लोकसंख्या म्हणून संकेतस्थळावर जो आकडा दिसतो, तो बहुधा २०११ च्या जनगणनेतील असतो. मुलाने तो आकडा वर्षासह लिहावा. वर्ष न लिहिता उतरवून घेतलेला खरा आकडाही वाचणाऱ्याची दिशाभूल करतो.

तिसरा धडा : गावात जाऊन पडताळणे

बालाघाटाच्या डोंगरातील सीताफळ सर्वांच्या परिचयाचे आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ‘हे फळ आपल्याकडे केव्हापासून आहे?’ हा प्रश्न मुलांना द्यावा. नावावरून ते रामायणकाळातील असावे असे मुलांना वाटेल आणि तशी विधानेही त्यांना वाचावयास मिळतील. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र हे झाड मूळचे उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे मानतात आणि ते पोर्तुगीजांच्या मार्फत भारतात आले असावे असे सामान्यतः सांगितले जाते. नावावरून बांधलेला तर्क आणि पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष यांतील फरक या एका फळावरून मुलांना समजावता येतो. यात कोणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याचे कारण नाही. फळाला सीतेचे नाव का मिळाले, हाही स्वतंत्र आणि सुंदर शोधविषय आहे.

त्यानंतर मुलांना डोंगरात न्यावे. झाडे कोणत्या उतारावर अधिक आहेत, फळ केव्हा उतरते, बाजारात कोणत्या भावाने जाते, तोडणाऱ्याच्या हाती त्यातले किती पडते, ही माहिती कोणत्याही संकेतस्थळावर गावापुरती मिळणार नाही. ती मुलांनीच गोळा करावयाची आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००९ मध्ये खुल्या केलेल्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर आपल्या गावाचे उपग्रहचित्र पाहावे आणि त्यात दिसणारा तलाव, ओढा, किल्ला प्रत्यक्ष जाऊन पाहावा. चित्रात दिसणारे पाणी आज तलावात आहे का? नसेल, तर चित्र कोणत्या महिन्यातील आहे? दुष्काळ पाहिलेल्या जिल्ह्यातील मुलाला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज भासणार नाही.

किल्ल्याच्या बाबतीतही हेच करावे. दरवाजे, बुरूज, पाण्याची टाकी यांची मुलांनी स्वतः नोंद करावी, चित्रे काढावीत आणि वाचलेल्या वर्णनाशी ती ताडून पाहावीत. फतेहाबाद या नावाविषयी दोन मते आढळली, तर दोन्ही लिहावीत आणि त्यांचा आधार कोठे मिळाला ते नमूद करावे. ‘यांपैकी कोणते बरोबर ते अद्याप ठरविता आले नाही’ असे मुलाने लिहिले, तर शिक्षकाने त्याचे गुण कापू नयेत. उलट ते वाक्य वर्गाला वाचून दाखवावे.

१९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत मुलांचे गट आपल्या परिसरातील प्रश्नावर स्वतः केलेले प्रकल्प मांडत आले आहेत. आंतरजालावरील वाचन आणि गावातील पाहणी यांची सांगड घालण्यासाठी तो चांगला नमुना आहे.

उतारा आणि अभ्यास

आज आणखी एक नवे साधन मुलांच्या हाती आले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी यंत्रे प्रश्न विचारताच शुद्ध मराठीत संपूर्ण निबंध लिहून देतात. ही भाषा इतकी सफाईदार असते, की तीत चूक असेल अशी शंकाही येत नाही. परंतु ही यंत्रे कधीकधी नसलेली वर्षे, नसलेले ग्रंथ आणि न घडलेले प्रसंगही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात. त्यांच्यावर बंदी घालून भागणार नाही. त्यांच्या उत्तराला इतर उत्तरांचीच कसोटी लावावयास शिकवावे. यंत्राने दिलेले एक विधान घ्यावे आणि त्याचा आधार दुसरीकडे सापडतो का, हे मुलांनी शोधावे. न सापडल्यास ते विधान वहीत येऊ नये.

यासाठी प्रत्येक मुलाजवळ एक शोधवही असावी आणि तीत चार रकाने असावेत : माझा प्रश्न काय, उत्तर कोठे मिळाले, ते कोणी व केव्हा लिहिले, आणि दुसऱ्या ठिकाणी किंवा गावात काय आढळले. चौथा रकाना भरल्याखेरीज उत्तर पूर्ण झाले असे मानू नये. शेवटी मुलाने वही मिटून, समजलेले आपल्या शब्दांत पाच-सहा ओळींत लिहावे. बोलीभाषेतील शब्द आले, तरी चालतील. उतरवून काढलेल्या दोन पानांपेक्षा या पाच ओळींचे मोल अधिक आहे.

शिक्षकांची दृष्टीही थोडी बदलावयास हवी. ‘किल्ल्याची माहिती लिहून आणा’ या गृहपाठातून उताराच येणार. ‘किल्ल्याला पाणी कोठून मिळत असे?’ असे विचारले, तर मुलाला वाचावेही लागते आणि चढून जाऊन पाहावेही लागते.

साधने आणि पंचायतीचे कर्तव्य

‘आमच्या शाळेत संगणक बंद आहेत, जाळे मिळत नाही’ ही तक्रार खोटी नाही. परंतु वर वर्णन केलेल्या पद्धतीस प्रत्येक मुलामागे एक यंत्र लागत नाही. पाच मुलांच्या गटाला एक मोबाईल आणि आठवड्यातून एक तासिका मिळाली, तरी काम सुरू होते. गटात बसल्याने मुले एकमेकांचे उत्तर तपासतात, हा लाभ वेगळाच. यंत्र शिक्षकांच्या नजरेसमोर राहावे आणि मुलांनी आपले नाव, छायाचित्र, घरचा क्रमांक कोणत्याही संकेतस्थळाला देऊ नये, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी हे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेत शिकविताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. नव्या साधनांचा विचार केवळ शहरातच होतो, हा समज त्यामुळे दूर होण्यास हरकत नाही.

ग्रामपंचायतीला यात मोठा वाटा उचलता येईल. पंचायतीचा संगणक व जोडणी आठवड्यातून एक तास शाळेसाठी द्यावी. सार्वजनिक ग्रंथालयात विश्वकोशाचे खंड असतील, तर ते मुलांसाठी कपाटाबाहेर काढावेत. मुलांनी केलेल्या पाहणीतील एखादी बाब, जसे गावातील बंद पडलेले हातपंप किंवा तलावातील गाळ, ग्रामसभेत त्यांना मांडू द्यावी. आपल्या शोधाने गावाच्या कामात काही फरक पडतो असे एकदा दिसले, की मूल पुढच्या वेळी अधिक काळजीपूर्वक शोध घेते. हंगामी वसतिगृहांत राहणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचा एक तास याच कामासाठी राखता येईल. टोळीबरोबर गेलेल्या मुलाची शोधवही तर त्याच्याबरोबर फडावरही जाऊ शकते. तेथील पाणी, तेथील बाजार, तेथील भाषा यांच्या नोंदी घेऊन ते परतले, तर वर्गाला देण्यासारखे त्याच्याजवळ काही असेल आणि मागे पडल्याची त्याची खंतही कमी होईल.

धारूरच्या किल्ल्याने आदिलशाही, निजामशाही, मोगल आणि हैदराबादचा निजाम अशा अनेक सत्ता पाहिल्या. त्याच्या दरवाजावर येणाऱ्या प्रत्येकाला ‘कोण आहे? कोठून आला? काम काय?’ असे पहारेकरी विचारीत असेल. आज मोबाईलच्या वाटेने प्रत्येक घरात अहोरात्र माहिती येत आहे आणि अनेक घरांच्या दरवाजावर पहाऱ्याला एक शाळकरी मूल उभे आहे. त्याला हेच तीन प्रश्न विचारावयास शिकविणे, हे शिक्षकांचे, पंचायतीचे आणि शासनाचे एकत्रित काम आहे. त्यासाठी नव्या इमारतीची किंवा नव्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. येत्या आठवड्यातील एक तासिका, एक मोबाईल आणि चार रकान्यांची वही एवढ्यावर ते सुरू होऊ शकते.